खाजाभाईंचे अडकलेले मानपत्र

राधाकृष्णपंत देवळालीकर यांचा संगणक ज्या सकाळी त्यांना जुमानेनासा झाला, त्या सकाळी त्याच्या पोटात एक मानपत्र होते, आणि ते मानपत्र येत्या रविवारी वाचायचे होते. या दोन गोष्टी एकत्र आल्या नसत्या, तर राहुरीच्या कृषीनगर वसाहतीत आजही लोक ऊस, साखर आणि मुळा धरणाच्या पाण्याचे आवर्तन याच विषयांवर बोलत राहिले असते.

मानपत्र खाजाभाईंचे होते. पंतांच्या घराला भिंत लावून राहणारे खाजाभाई शेख नागापूरच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झाली म्हणून वसाहतीने त्यांचा जाहीर सत्कार योजला होता. मानपत्र कोणी लिहायचे, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. पंत सरकारी कचेरीत अधीक्षक होते आणि त्यांच्या मसुद्यांचा दरारा तालुकाभर होता. त्यांनी लिहिलेल्या खुलाशाला वरिष्ठ सहसा उत्तर देत नसत. कारण तो वाचून संपण्याच्या आतच वरिष्ठांची बदली होत असे. शुद्ध, प्रौढ आणि बांधेसूद गद्य या देशातून हद्दपार होत चालले असून त्याला आपल्या ओसरीवर आश्रय मिळाला आहे, अशी पंतांची प्रामाणिक समजूत होती. खाजाभाईंच्या मानपत्राला ते महिनाभर आकार देत होते. शेवटचा परिच्छेद तेवढा राहिला होता.

मानपत्रासोबत पडद्यावर दाखवायला जुनी छायाचित्रे हवीत, असे पंतांनीच सांगितले होते. त्याप्रमाणे दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पाने द्यायला आलेल्या खाजाभाईंनी छायाचित्रांचा पेनड्राइव्हही पंतांच्या हातावर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्नानसंध्या आटोपून पंतांनी तो पेनड्राइव्ह संगणकात खोचला, बटण दाबले, आणि तेथून पुढे अनर्थाला सुरुवात झाली.

पडद्यावर नेहमीप्रमाणे एक परदेशी समुद्रकिनारा आला. पंतांनी नेहमीप्रमाणे त्यावर टिचकी मारली. परवलीचा शब्द विचारणारी चौकट उमटली, आणि पंतांचे बोट पहिल्या अक्षरापर्यंत पोहोचण्यापूर्वीच ती नाहीशी होऊन पुन्हा समुद्रकिनारा आला. पंतांनी पुन्हा टिचकी मारली. पुन्हा चौकट, पुन्हा किनारा. एखाद्या मुजोर कारकुनाने खिडकी उघडावी, तोंड पाहावे आणि धाडकन लावून घ्यावी, तसा तो प्रकार होता. आयुष्यभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसाला हा अनुभव नवा होता आणि म्हणूनच असह्य होता.

"अहो, बंद करून परत चालू करा ना," कुसुमताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"जे यंत्र मुळात चालूच आहे, ते चालू करण्याच्या सूचनेला काही अर्थ आहे का?" असे विचारून पंतांनी ते बंद करून परत चालू केले. या खेपेला किनाराही आला नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक यादी आली आणि कोणता पर्याय हवा, असे उर्मटपणे विचारत उभी राहिली. पंतांना यांपैकी काहीच नको होते. त्यांना मानपत्र हवे होते.

समोरच्या घरातले सहादेव तांबे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले होते. वसाहतीत कोणाचा पंखा कुरकुरला तरी त्यांना ऐकू येई. ते चपला न काढता दारात उभे राहिले आणि मान हलवून म्हणाले, "पंत, ह्यो व्हायरस हाय. माझ्या मेव्हण्याच्या मोबाईलला असाच झाल्ता. लई वाईट. नुस्ता फोन न्हाई, समद्या घराला सर्दी झाली."

"सर्दीचा आणि फोनचा कार्यकारणसंबंध सिद्ध झाला होता काय?"

"सिद्ध बिद्ध म्हाईत न्हाई. फोन इकला, सर्दी गेली. तुमी काय घातलं हुतं ह्याच्यात?"

"केवळ एक पेनड्राइव्ह. खाजाभाईंचा."

वस्तुतः हे विधान निव्वळ माहितीवजा होते. त्यात आरोप नव्हता, ध्वनितार्थ नव्हता, विशेषणही नव्हते. परंतु सहादेवांनी ते उचलले, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेले, आणि दुपारच्या चहापर्यंत ते विधान "खाजाभाईनं पंताच्या काम्प्युटरला रोग लावला" या रूपात वसाहतीची प्रदक्षिणा पूर्ण करून स्वतः खाजाभाईंच्या कानांवर जाऊन पडले.

खाजाभाई आले ते फाटक उघडून नव्हे, ढकलून. "पंत, साफ सांगा. माझ्या घरातनं रोग आला?"

वास्तविक, "छे, छे, बसा" एवढ्या तीन शब्दांत प्रकरण मिटले असते. कुसुमताईंनी तसे डोळ्यांनी सुचवलेही. पण पंतांना प्रश्न विचारला गेला होता, आणि प्रश्नाला अपुरे उत्तर देणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

"आपण दोन मुद्दे वेगळे करू," पंत म्हणाले. "रोग आला, हा एक मुद्दा. तो तुमच्या घरातून आला, हा दुसरा. पहिल्याबद्दल शंका नाही. दुसऱ्याबद्दल असे म्हणता येईल की, पेनड्राइव्ह खोचण्यापूर्वी यंत्र निरोगी होते आणि खोचल्यानंतर ते आजारी पडले. यावरून जो निष्कर्ष निघतो, तो मी काढलेला नाही. तो आपोआप निघतो."

"म्हंजे माझ्याच घरातनं."

"तुमच्या घरातील व्यक्तींविषयी मी काही म्हणत नाही. मी फक्त वस्तूविषयी बोलतो आहे."

"तो पेनड्राइव्ह माझ्या सुनेनं तयार केलाय. रात्र रात्र जागून फोटो काढले पोरीनं पेटीतनं!" खाजाभाईंचा आवाज चढला. "वीस वर्षं आपण एका भिंतीला राहतो. माझ्या घरचा शीरखुर्मा कधी बाधला नाही तुम्हांला. आता फोटो बाधले?"

"शीरखुर्म्याचे उदाहरण येथे अप्रस्तुत आहे."

"असं? मग रविवारी मीपण अप्रस्तुत. सत्कार करा तुमच्या काम्प्युटरचा. शाल त्यालाच पांघरा!"

फाटक पुन्हा वाजले.  संध्याकाळी रोज भिंतीवर कोपरे टेकून होणाऱ्या गप्पा त्या दिवशी झाल्या नाहीत. पंत तरीही भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. पलीकडे खाजाभाई झाडांना पाणी घालत होते आणि त्यांची पाठ अतिशय बोलकी होती.

पंतांना दुःख झाले. पण दुःखापेक्षा संताप अधिक झाला. आपण केवळ तर्कशुद्ध बोललो आणि त्याची ही शिक्षा? आता विषाणूचे अस्तित्व तज्ज्ञाकडून सिद्ध करून घेणे हाच एक सभ्य मार्ग उरला होता. संगणक ज्या दुकानातून घेतला ते दुकान नगरला. दुकानदार सुनील फोनवर म्हणाला, "काका, फक्त डबा आणा. बाकी काही लागत नाही." दुसऱ्या दिवशी पंत तो डबा जुन्या चादरीत बांधून, मांडीवर घेऊन एसटीत बसले.

"काका, ह्ये काय हाय?" कंडक्टरने विचारले.

"संगणक."

"लगेज लागंल."

"लगेज म्हणजे प्रवाशापासून वेगळी ठेवलेली वस्तू. ही माझ्या मांडीवर आहे. मांडीवरचे लेकरू तुम्ही लगेज धरता काय?"

"लेकराचं हाफ तिकीट घेतो."

"अगदी लहान असल्यास घेत नाही. आणि हे यंत्र घेऊन अद्याप चारच वर्षे झाली आहेत."

मागच्या बाकावरची एक आजी पदराआड हसली. कंडक्टरने पंतांकडे, मग चादरीतून डोकावणाऱ्या वायरींकडे पाहिले आणि लगेजचे तिकीट फाडून यंत्राच्याच चादरीत खोचले. पंतांनी नियमावली पाहायला मागितली. ती आगारात आहे असे कळले. विळद घाट येईपर्यंत पंत नियमावली आणि आगार यांच्या परस्परसंबंधावर बोलत राहिले. त्यानंतर कंडक्टर पुढच्या दाराशी जाऊन उभा राहिला तो नगरपर्यंत परत आलाच नाही.

दुकानात सुनीलने डबा आपल्या टेबलावर ठेवला, आपल्या वायरी जोडल्या आणि बटण दाबले. समुद्रकिनारा आला. टिचकी मारली. चौकट आली आणि, पंतांच्या डोळ्यांदेखत, शहाण्या मुलासारखी तिथेच उभी राहिली.

"पासवर्ड काय काका?"

पंतांनी दुकानातल्या सर्वांना तोंड फिरवायला लावून परवलीचा शब्द स्वतः टंकित केला. यंत्र विनातक्रार उघडले. सुनीलने विषाणू शोधणारी आज्ञा दिली, हिरवी रेघ सावकाश सरकत गेली आणि शेवटी एकही विषाणू नसल्याचे जाहीर झाले. "मशीन एकदम क्लीन आहे काका. फाइल पेनड्राइव्हवर टाकून देऊ का?"

पेनड्राइव्ह हा शब्द ऐकताच पंतांनी असा चेहरा केला की सुनीलने तो ड्रॉवरमध्ये परत ठेवला. मग त्याने एक चिठ्ठी छापून दिली. तीवर लिहिले होते: दोष आढळला नाही.

पंतांना ही चिठ्ठी जिव्हारी लागली. दोष आढळला नाही याचा अर्थ दोष नव्हता. दोष नव्हता याचा अर्थ तक्रार खोटी होती. आणि तक्रार खोटी होती याचा अर्थ कोण खोटा, हे सांगायला सुनीलची गरज नव्हती. "दोष येथे आढळला नाही, एवढेच तुम्हांला म्हणता येईल," ते म्हणाले. "'येथे' हा शब्द घाला."

"काका, ते कॉम्प्युटरमधनंच येतं. त्याच्यात घालता येत नाही."

घरी येऊन पंतांनी डबा जागेवर ठेवला, वायरी जोडल्या, बटण दाबले. चौकट आली आणि गेली. समुद्रकिनारा आला. लाटा, पंतांना वाटले, हसत होत्या.

यानंतर पंतांनी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. तिथल्या बाईंनी अत्यंत गोड आवाजात सांगितले की, दुकानाने दोष आढळला नाही असे कळवल्यामुळे त्यांची तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे. "समाधान कोणाचे झाले?" असे पंतांनी विचारले. बाईंनी त्यांना या संभाषणाला गुण देण्याची विनंती केली. पंतांनी शून्य दिले. फोनवरच्या ध्वनिमुद्रित आवाजाने सांगितले की गुण एकपासून सुरू होतात.

"पंत, दुकानात ब्येस, घरात बंद," सहादेव आता आत येऊन खुर्चीवर बसून सल्ला देऊ लागले होते. "ह्यो व्हायरसबी नसंल मग. जागा बाधती. आग्नेयेला तोंड करून बघा."

"यंत्राचे तोंड कोणते?"

सहादेवांनी डब्याच्या चारी बाजू निरखल्या आणि हा मुद्दा अवघड असल्याचे कबूल केले. परंतु त्यांनी दुकानातली बातमीही कोपऱ्यापर्यंत पोहोचवली. परिणामी संध्याकाळी भिंतीपलीकडून, पंतांकडे न पाहता, खाजाभाई आंब्याच्या झाडाला उद्देशून म्हणाले, "ऐकलंस का रे? नगरला तब्येत बरी. इथं आली की बिघडते. आणि नाव कुणाचं? खाजाचं!"

"मला काही सांगायचे असल्यास मला सांगावे," पंतही पेरूच्या झाडाला म्हणाले.

"मग सांगतो!" खाजाभाई गर्रकन वळले. "आणा तो डबा माझ्या घरी. जिथनं रोग गेला म्हणता, त्याच घरी. माझ्या पोराचा, हारिसचा पडदा हाय, बटनं हायत, समदं हाय. तिथं आजारी पडला तर रविवारी मी तुमच्या पाया पडून शाल घेईन. न्हाई पडला, तर रविवार बिविवार काही न्हाई. आणि भिंतीवर कोपर पण न्हाई!"

हे शेवटचे वाक्य ऐकून पंतांनी भिंतीवर हात ठेवला. मानपत्र एक वेळ पुन्हा लिहिता आले असते.

शनिवारी सकाळी डबा भिंतीवरून पलीकडे गेला. खाजाभाईंच्या बैठकीत पुण्याला नोकरीला असलेल्या हारिसचा जुना संगणक मांडून ठेवला होता. त्याची बायको नाझनीन, जी शाळेत गणित शिकवते, तिने फक्त डबा तेवढा बदलला. सहादेव साक्षीदार म्हणून आपणहून आले होते. बटण दाबले. किनारा, टिचकी, चौकट. चौकट हलेना. पंतांनी परवलीचा शब्द घातला आणि यंत्र हसतमुखाने उघडले.

"बघा!" खाजाभाईंनी मांडीवर थाप मारली. "माझ्या घरात खणखणीत!"

"थांबा," पंत म्हणाले. त्यांचा स्वाभिमान दुखावला होता. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तर्कशास्त्राचा अपमान होत होता. "एकाच निरीक्षणावरून निष्कर्ष काढणे हा दोष आहे. माझ्या घरात जे होते ते येथे नाही. पडदा वेगळा, उंदीर वेगळा, सारेच वेगळे. माझ्या घरातील एकेक वस्तू आणून येथे क्रमाने जोडू. ज्या क्षणी यंत्र आजारी पडेल, त्या क्षणी गुन्हेगार सापडेल. मधली पायरी गाळायची नाही."

"आधी पेनड्राइव्ह," नाझनीन म्हणाली.

पेनड्राइव्ह खोचला. यंत्र पुन्हा चालू केले. पडद्यावर हाफ चड्डीतले खाजाभाई सायकल धरून उभे राहिले आणि कशालाही काही झाले नाही. नाझनीनने पंतांकडे पाहिले. "ही एक बाजू निकालात निघाली," पंत खाकरून म्हणाले, "पुढे चला."

पंतांचा पडदा आणला. यंत्र बरे. पंतांचा उंदीर आणला. यंत्र बरे. वायरीसुद्धा पंतांनी आग्रहाने एकेक बदलायला लावल्या, यंत्र बरेच. आता फक्त कळफलक उरला. तो कुसुमताईंनी दोन्ही हातांवर तबकासारखा धरून आणला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमगल्यासारखे भाव होते, पण पंत प्रयोगात मग्न होते.

कळफलक जोडला. बटण दाबले. किनारा आला. टिचकी. चौकट आली, आणि गेली.

"सापडला!" पंत विजयाने ओरडले, आणि मग आपण काय ओरडलो हे त्यांच्या ध्यानात आले.

 नाझनीनने कळफलक उचलला, खिडकीपाशी नेऊन पाहिला. वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या कळीवर हळदकुंकवाचा वाळून दगड झालेला थर होता आणि त्यात तांदळाचे दाणे रुतून ती कळ आत दाबली जाऊन तशीच बसली होती. तिने कळफलक उलटा करून थापटला. तांबड्या अक्षता खाजाभाईंच्या सतरंजीवर पडल्या.

"खंडेनवमीच्या," कुसुमताई म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, डब्याला गंधाचं बोट लावा. तर म्हणाले, संगणकाचं शस्त्र म्हणजे डबा नव्हे, कळफलक. आणि गंध दाट हवं."

"मी जाणूनबुजून वापरात नसलेली कळ निवडली होती," पंत क्षीण आवाजात म्हणाले. "अक्षरे खराब होऊ नयेत म्हणून. त्या कळीचा मी आजवर कधीही उपयोग केलेला नाही."

"काका, त्या एस्केपच्या कळीचा अर्थच 'नको, मागं फिरा' असा असतो," नाझनीन म्हणाली. "तुम्ही आत जायला निघालात, की ती सांगत होती नको. ती दाबलेलीच होती ना. सारखी."

"आन् पुजेनंतर दसऱ्यापर्यंत मशीनीला हात लावायचा नस्तो," सहादेवांनी सगळे जुळवून दिले, "म्हनून ते कळलं पेनड्राइव्ह घातला तवा. व्हय की न्हाई पंत? तुमीच दार लावलं, तुमीच भायेर अडकला."

पंत उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला, उपरणे सारखे केले आणि हात मागे बांधले. "खाजाभाई, प्रस्तुत प्रकरणी घडलेल्या घटनांचा साकल्याने विचार करता, माझ्याकडून..."

"बसा, बसा!" खाजाभाई घाईने म्हणाले. "तुम्ही माफी मागायला लागलात तर रविवार उजाडंल. नाझनीन, चहा ठेव. आणि ते मानपत्र कुठाय? माझं हाय ना? दाखवा तरी."

"मानपत्र समारंभापूर्वी सत्कारमूर्तीला दाखवण्याचा प्रघात नाही."

"प्रघात माझ्या बैठकीत बसलाय आणि माझाच चहा पिणार हाय."

हारिसचा कळफलक पुन्हा जोडला गेला. मानपत्र उघडले. ज्या खोलीत पंत लिहीत असत, तिथे कुसुमताईंनादेखील खोकायची परवानगी नसे; आणि आज खाजाभाई त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकावी इतक्या जवळून वाचत होते, सहादेव दुसऱ्या खांद्यावरून ओठ हलवत होते. "ह्या वाक्यात मी सुरुवातीला जन्मलो आणि शेवटी रिटायर झालो," खाजाभाई म्हणाले. "मधी श्वास कुठं घ्यायचा?"

"ते वाक्य सुभग आहे. त्याला हात लागणार नाही."

"शेवट कुठाय?"

"शेवट राहिला आहे," पंत म्हणाले आणि त्यांनी कळांवर बोटे ठेवली. मग त्यांनी लिहिले: खाजाभाईंसारख्या सज्जनाविषयीही कधी कधी गैरसमज पसरतात.

"कोण पसरवतं?" खाजाभाईंनी मागून विचारले.

पंतांनी खोडून लिहिले: पसरवले जातात.

"कोण?"

"मानपत्रात तिसऱ्या व्यक्तीचे नाव घालत नाहीत."

"चहा गार होतोय पंत."

पंतांनी ती ओळ खोडली.  मग त्यांनी एकेक कळ शोधत, जणू दुसऱ्याच कोणाचे अक्षर गिरवावे तसे, लिहिले: मी चुकलो. आणि त्यापुढे लागलीच त्यांचे बोट 'तथापि' लिहायला वळले. 'त' उमटलाही. त्यासरशी खाजाभाईंनी आपला रुंद, फिटरचा पंजा सगळ्या कळफलकावर पसरला आणि म्हणाले, "झालं. संपलं मानपत्र."

रविवारी वसाहतीच्या मंडपात पंतांनी मानपत्र वाचले. ज्या वाक्यांवर त्यांनी आठवडे घालवले होते, त्यांच्या दरम्यान लोक फोन पाहत होते, मागच्या रांगेत पेढे वाटले जात होते आणि एका लांबलचक, निर्दोष वाक्याच्या ऐन मध्यभागी सहादेवांनी जांभई दिली. शेवटी पंत थांबले, शालीतल्या खाजाभाईंकडे पाहिले आणि वाचले, "मी चुकलो." मंडप टाळ्यांनी असा दणाणला की खाजाभाई डोळे पुसत उठून उभे राहिले.

पंत घरी आले ते धुमसतच. "पाहिलेस?" चपला काढताकाढता ते कुसुमताईंना म्हणाले. "एवढे प्रौढ, अलंकारयुक्त, महिनाभर घडवलेले गद्य! आणि टाळी कशाला पडली? दोन शब्दांना! आणि त्यांत एकसुद्धा समास नाही!"